डोंबिवली पूर्वेतला एका खुर्चीचा नेल स्टुडिओ : आधी नखं तपासतात, मग रंग विचारतात

आधी थेट सांगते, डोंबिवलीत जेल पॉलिश (लॅम्पखाली कडक करायचं नेलपेंट) किंवा एक्स्टेन्शन (वरून जोडून लांब केलेली नखं) करायचं असेल आणि रंगापेक्षा नखांची जास्त काळजी असेल तर फडके रोडपासून आत, पहिल्या मजल्यावर एक छोटासा स्टुडिओ आहे, तिथे जा. नाव टाकत नाहीये कारण ताई एकटी काम करते, एकच खुर्ची आहे आणि तिनेच सांगितलं की आहेत त्या क्लायंटनाच वेळ पुरत नाही. ज्यांना खरंच जायचंय त्यांनी विचारा, तिला विचारून नंबर देते.

मी स्वतः काही वर्षं नेल टेक्निशियनचं काम केलंय, आता फक्त ब्रायडल मेकअप करते. त्यामुळे दुसऱ्याच्या टेबलावर हात ठेवला की माझं लक्ष शेड कार्डकडे नंतर जातं, आधी निपर, म्हणजे कातडी कापायची छोटी पक्कड, कुठून काढला ते बघते. या निपरवरूनच मी चांगल्या चांगल्या ठिकाणांहून उठून आलेय. एका मॉलमधल्या किऑस्कवर माझ्या आधीच्या मुलीच्या बोटाला निपर लागून रक्त आलं होतं, ते कापसाने टिपलं, तोच निपर पांढऱ्या अँटिसेप्टिकच्या पाण्यात बुचकळला आणि माझा हात पुढे घेतला. मी उठले. हेपटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्ताच्या न दिसणाऱ्या डागातसुद्धा, किमान सात दिवस तग धरतो हे या कामात असलेल्या प्रत्येकीला माहीत असायलाच पाहिजे. आणि ग्राहकाला पण माहीत पाहिजे, कारण विचारणारं कोणी नसलं की कोण कशाला मेहनत घेईल.

तर इथे काय होतं ते सांगते. पोचल्यावर बेसिनवर साबणाने हात धुवायला लावते, स्वतः पण धुते, मग टेबलाच्या लॅम्पखाली दहाही बोटं बघते, दाबून बघते, नखाच्या कडा, मुळाशी सूज आहे का, नख खालून सुटलंय का, पांढरं-हिरवं-काळं काही दिसतंय का. आणि प्रश्न विचारते. डायबिटीस आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, मागच्या वेळी कुठून केलं होतं, केल्यावर बोटांना खाज आली होती का, दाताच्या फिलिंगनंतर कधी तोंड आलंय का. सगळं एका कार्डावर लिहून ठेवते. पहिल्यांदा आलेल्या बायकांना वाटतं की ही काय डॉक्टर आहे का, दोन रंग लावायला एवढ्या चौकश्या. पण यातला एकही प्रश्न फालतू नाहीये, दाताच्या फिलिंगचा तर अजिबात नाही, तो कशाला ते पुढे येईलच.

आता सामान. तिच्याकडे धातूची सगळी हत्यारं, म्हणजे पुशर (नखावरची कातडी मागे सरकवायची पट्टी), निपर, घासायच्या ड्रिलचे बिट, आधी ब्रश आणि डिटर्जंटने घासून धुतली जातात. ही पायरी लोक गाळतात, पण वर मळ, नखाचा भुगा, चिकट जेल बसलेलं असेल तर पुढे काहीही केलं तरी त्याच्याखालचे जंतू मरत नाहीत. मग सुकवून प्रत्येक सेट कागदी-प्लास्टिकच्या पाऊचमध्ये सील करून छोट्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारायच्या मशीनमध्ये. १२१ अंशाला १५ ते २० मिनिटं किंवा १३४ अंशाला तीन-चार मिनिटं, आणि ही वेळ ते तापमान गाठल्यावर मोजायची, बटण दाबल्यापासून नाही. पाऊच तुमच्यासमोर फोडते, त्यावरच्या खुणेचा रंग बदललाय तो दाखवून. माझ्यासाठी फोडलेल्या पाऊचवर तारीख लिहिलेली होती बॉलपेनने. एवढं बघितलं आणि मी निवांत बसले.

याउलट बाजारात काय चाललंय बघा. बऱ्याच पार्लरमध्ये निळा दिवा लागणारा डबा असतो, स्टरिलायझर म्हणून विकतात, हजार-दीड हजारात ऑनलाईन मिळतो. बाई निपर त्यात ठेवते, दिवा लागतो, ग्राहक खूश. अहो तो प्रकाश जिथे पडतो तिथेच थोडंफार काम करतो, निपरच्या सांध्यात, पात्याच्या आतल्या बाजूला, खालच्या अंगाला पोचतच नाही, आणि वर तेलकट किंवा मळकट काही असेल तर तिथेही नाही. फार तर आधीच निर्जंतुक केलेली वस्तू ठेवायला वापरा. दुसरा तो तापलेल्या काचेच्या मण्यांचा डबा, त्यात हत्याराचं फक्त टोक बुडतं, दांडा तसाच राहतो आणि बोटं दांड्यालाच लागतात. आणि डिसइन्फेक्टंटचं द्रावण वापरत असाल तर बाटलीवर लिहिलेली वेळ पाळा, बहुतेक सलूनच्या द्रावणांना दहा मिनिटं पूर्ण बुडवून ठेवायला लागतं, बुचकळून काढणं म्हणजे काहीच न करणं. मी काम करायचे तेव्हा मालकीणबाई म्हणायच्या एवढा वेळ कुठेय, पुढची क्लायंट बसलीये. उपाय साधा आहे, दोनाचे सहा सेट घ्या. खर्च आहे, मान्य, पण मग त्या खर्चाचे पैसे ग्राहकाकडून घ्या ना.

फाईल आणि बफर ऑटोक्लेव्हमध्ये टाकून काही उपयोग नाही, कागद-स्पंज आहे तो, खराब होतो. ही ताई धातूच्या पट्टीवर चिकटवायचे कागद वापरते, तुमचं झालं की कागद सोलून तुमच्या देखत कचऱ्यात. बफरचे छोटे तुकडे कापून ठेवलेत, एक तुकडा एका माणसाला. नारंगी लाकडी काडी पण एकदाच. टॉवेल कागदी. माझ्या मते ग्राहकाने फक्त एवढं बघितलं तरी पुरे, फाईल नवी निघाली की मागच्या बाईच्या नखाचा पांढरा भुगा अजून तिच्यावर आहे. भुगा दिसला तर सरळ सांगा, नवीन काढा.

आता मुख्य. ज्याच्यासाठी एवढं लांबलचक लिहायला बसले.

माझी अपॉइंटमेंट होती तेव्हा माझ्या आधी एक मुलगी होती, पुढच्या रविवारी साखरपुडा, एक्स्टेन्शन दुसरीकडून केलेलं, त्यावर रिफिल (नख वाढून मागे पडलेली जागा भरणं) करून नवीन डिझाईन पाहिजे होतं. ताई एक एक नख बघता बघता उजव्या हाताच्या अनामिकेवर थांबली. एक्स्टेन्शन मागून उचललं गेलं होतं, आणि कडेला शेवाळी हिरवट डाग. तिने ते नख अलगद काढलं तर खाली वाटाण्याएवढा गर्द हिरवा ठिपका, नखाच्या आतून रंगवल्यासारखा. मुलगी घाबरलीच. म्हणाली, "ताई प्लीज, वरून डार्क कलर मारा ना, कोणाला दिसणार नाही."

ताई म्हणाली, "दिसणार नाही गं, म्हणूनच नाही मारणार."

मग तिने तिला शांतपणे समजावलं. हा रंग स्यूडोमोनास नावाच्या जंतूचा, सुटलेल्या एक्स्टेन्शनच्या आणि नखाच्या मधल्या फटीत पाणी राहतं, भांडी, कपडे, अंघोळ, त्या ओलसर फटीत तो वाढतो. बुरशी नव्हे, लोक फंगस फंगस म्हणून मेडिकलमधून मलम आणतात आणि लावत बसतात. वरून परत बंद केलं की त्याला हवी तशी ओली अंधारी जागा आपणच करून देतो. त्या नखाला काहीही लावायचं नाही, कोरडं ठेवायचं, स्किनच्या डॉक्टरांना दाखवायचं, दुखलं किंवा सुजलं तर लगेच. डाग पुसून जाणार नाही, नखाबरोबर पुढे सरकत जाईल. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलीमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण नवीन यायला चार-सहा महिने लागतात. बाकीची पण तीन-चार नखं मागून सुटलेली होती म्हणून तिने सगळंच काढून दिलं, नखं छोटी गोल करून दिली, आणि म्हणाली, "मेंदी गडद काढ, नखं लहानच छान दिसतात मेंदीच्या हातावर." फक्त रिमूव्हलचे पैसे घेतले. त्या दिवशीचं तिचं मोठं बिल गेलं, रिफिल आणि आर्ट मिळून दीड-दोन हजार सहज झाले असते, आणि एकटीने दुकान चालवणाऱ्या बाईला दोन हजार म्हणजे काय असतात ते मला चांगलं माहितेय. म्हणून या ठिकाणाला माझ्याकडून पूर्ण मान.

कारण खरं सांगायचं तर नेल टेक्निशियनला सगळ्यात जास्त त्रास याच गोष्टीचा होतो. आम्हाला दिसतं. ग्राहकाच्या घरचं कोणी, तिचा नवरा, तिची आई, एवढ्या जवळून तिची नखं बघत नाही जेवढी आम्ही बघतो. नख पातळ होत चाललंय, मांसापासून सुटतंय, मुळाशी लाल आहे, एकाच बोटाच्या नखावर नवीन काळी उभी रेघ आलीये आणि मागच्या वेळेपेक्षा रुंद वाटतेय. (आपल्या सावळ्या लोकांत बऱ्याच नखांवर फिकट तपकिरी रेघा असतात आणि बहुतेक वेळा त्या साध्याच असतात, पण एकट्या नखावर नवीन आलेली आणि रुंद होणारी रेघ डॉक्टरांना दाखवायचीच, ती वर पॉलिश लावून झाकायची नाही.) आजार ओळखणं आमचं काम नाही, औषध सांगणं तर अजिबात नाही, पण दिसलं ते बोलणं आमचं काम आहे. आणि बोललं की काही बायका नाराज होऊन दुसऱ्या पार्लरला जातात, तिथे लावून देतात. ही भीती मनात ठेवून कित्येक मुली गप्प बसतात. मोठ्या सलूनमध्ये तर टार्गेट असतं, तिथे क्लायंट परत पाठवली तर वरून ऐकावं लागतं.

क्यूटिकलचं पण तसंच. आपल्याकडे बायकांना वाटतं जितकं कापलं तितकं स्वच्छ. मी "कापू नका" म्हणाले नाही तरी ताईने कापलं नाही, नखावर चिकटलेला पातळ मेलेला पापुद्रा तेवढा मऊ करून सरकवला. त्याच्या मागची जी जिवंत कातडीची कड असते ती नखाच्या मुळाची सील असते, ती कापली की पाणी आणि जंतू थेट आत, मग नखुरडं होतं, ठसठसतं, पू होतो, आणि दोष कुणाला द्यायचा कळत नाही. ताई म्हणाली की रोज एक तरी बाई विचारते, "तुम्ही नीट कापलं नाही का?"

काढणं, म्हणजे रिमूव्हल, त्यावर पण बोलायला पाहिजे. तिच्याकडे दुसरीकडचं जेल काढायचे वेगळे पैसे आहेत आणि मला ते बरोबर वाटतं. वरचा चकचकीत थर हलका घासायचा, कापूस अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून फॉइलमध्ये बोट गुंडाळायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, जेल सुटलेलं असेल तेवढंच काडीने ढकलायचं, नाहीतर परत गुंडाळायचं. घाई असली की ड्रिलने खरवडतात किंवा पुशरने उपटतात, आणि जेलबरोबर नखाचे थर निघून येतात. ज्या बायका घरी टीव्ही बघता बघता दाताने, नखाने जेल सोलतात त्यांचं पण तेच होतं. नख मुळात अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास जाड असतं, त्यातून किती काढणार? ड्रिल एका जागी दाबून धरल्यावर नखावर लाल अर्धगोल पट्टे उमटतात, हात लावला की दुखतात. पट्टे दिसले तर समजा की हात शिकाऊ आहे आणि तुमच्यावर शिकतोय. मग बायका म्हणतात जेलने नखं खराब होतात. जेल नीट लावून नीट काढलं तर एवढं नुकसान होत नाही, नुकसान जास्त करून काढताना होतं.

आता त्या फिलिंगच्या प्रश्नाकडे येते. जेल, अ‍ॅक्रेलिक (पावडर आणि लिक्विड मिसळून बनवलेलं नख), चिकटवायच्या टिप्सचा गोंद, सगळ्यांत अ‍ॅक्रिलेट जातीची रसायनं असतात, त्यात हेमा नावाचं एक जास्त बदनाम. ओलं जेल कातडीला लागत राहिलं किंवा लॅम्पखाली नीट कडक झालं नाही तर हळूहळू शरीर त्याच्याविरुद्ध जातं. आधी नखाभोवती खाज, मग लाली, बारीक पाण्याचे फोड, बोटांची टोकं फुटतात. कधीकधी तर पापण्यांना खाज येते आणि माणूस डोळ्याचे थेंब घालत बसतो, कारण बोट चेहऱ्याला लागतं हे लक्षात येत नाही. एकदा ही अ‍ॅलर्जी झाली की बहुतेकांची आयुष्यभर राहते. आणि याच जातीची रसायनं दाताच्या फिलिंगमध्ये, गुडघा बदलताना वापरतात त्या सिमेंटमध्ये, डायबिटीसवाले दंडाला लावतात त्या सेन्सरच्या चिकटपट्टीत पण असतात. म्हणजे आज हौसेने लावलेलं जेल उद्या ऑपरेशनच्या टेबलावर अडचण करू शकतं. २०१२ साली अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिसच्या डॉक्टरांच्या संघटनेने अ‍ॅक्रिलेटला त्या वर्षाचं अ‍ॅलर्जन म्हणून जाहीर केलं होतं, युरोपात २०२१ पासून हेमा असलेली नखांची उत्पादनं फक्त प्रोफेशनल वापरासाठी, तसं पाकिटावर लिहून. आणि जेल लॅम्पखाली कडक व्हायला मदत करणारं टीपीओ नावाचं रसायन तर युरोपियन युनियनने १ सप्टेंबर २०२५ पासून नखांच्या वस्तूंमधून बंदच केलं, प्राण्यांवरच्या अभ्यासात प्रजननाला धोका दिसला म्हणून. आपल्याकडे मात्र दोनशे रुपयांची बाटली, लेबलवर घटक धड नाहीत, आणि सोबत फुकट मिनी लॅम्प, कॉलेजच्या मुली घरी एकमेकींना लावतायत.

म्हणून मी ताईला विचारलं, बाटल्या दाखव. तिने दाखवल्या, न विचारता मागचं लेबल माझ्याकडे फिरवून. हेमा नसलेला बेस कोट ठेवलाय, टीपीओ नसलेली जेल घेतेय, जुना स्टॉक संपवायचा नाही म्हणून बाजूला काढलाय. आणि लॅम्प त्याच कंपनीचा वापरते ज्या कंपनीचं जेल, कारण लॅम्पचा प्रकाश आणि जेल जुळलं नाही तर वरून कडक वाटतं, आत कच्चं राहतं, आणि ते कच्चंच कातडीला लागत बसतं. हेमा नसलं म्हणजे अ‍ॅलर्जी होणारच नाही असं नाही हे पण तिने स्वतःहून सांगितलं, बाकीचे अ‍ॅक्रिलेट असतातच, म्हणून कातडीला लावायचंच नाही हा खरा नियम. माझ्या एका बोटाच्या कडेला जेल लागलं तर लॅम्पमध्ये जाऊ देण्याआधी बारीक ब्रशने पुसून काढलं.

स्वतःची पण काळजी घेते हे बघून बरं वाटलं, कारण आम्ही दिवसभर त्यातच असतो. मास्क, टेबलात भुगा ओढणारा पंखा, खिडकी उघडी, नायट्राइलचे ग्लोव्ह आणि ते मधे मधे बदलते, कारण अ‍ॅक्रिलेट पातळ ग्लोव्हमधून काही मिनिटांत आत जातं. माझ्या बरोबरीच्या दोघींना या अ‍ॅलर्जीमुळे काम सोडायला लागलंय, शिकलेलं एकमेव काम.

अ‍ॅक्रेलिक करायचं असेल तर एक वास लक्षात ठेवा. स्वस्तातल्या लिक्विडमध्ये असणाऱ्या एमएमए (मिथाइल मेथाक्रिलेट) या रसायनाचा वास फार तीव्र, नाकात झोंबणारा असतो, नख दगडासारखं कडक होतं, अ‍ॅसिटोनमध्ये सुटता सुटत नाही, आणि कुठे आपटलं तर एक्स्टेन्शन तुटायच्या ऐवजी आपलं नखच मुळापासून उचकटतं. अमेरिकेत १९७० च्या दशकातच त्याच्यावर कारवाई झाली होती. ताई ते ठेवत नाही.

पेडिक्युअरसाठी मी दुसऱ्या वेळी सासूबाईंना घेऊन गेले. त्यांना डायबिटीस आहे. इथे बुडबुड्यांची खुर्ची नाही, साधा स्टीलचा टब, आत प्लास्टिकची पिशवी, पाय काढला की पिशवी बाहेर. मला हे फार आवडलं. २००० साली कॅलिफोर्नियात एकाच नेल सलूनच्या शंभरावर ग्राहकांच्या पायांना गळवं झाली होती, महिनोन् महिने बरी न होणारी, मायकोबॅक्टेरियम जातीच्या जंतूने, आणि तो जंतू निघाला बुडबुड्यांच्या टबच्या पाणी ओढणाऱ्या जाळीमागे, केस आणि कातडीचा मळ साचला होता तिथे, जाळी कधी उघडून धुतलीच नव्हती. ज्यांनी आधी पायांवर रेझर फिरवला होता त्यांना जास्त झालं. ताई म्हणूनच अपॉइंटमेंट देतानाच सांगते, त्या दिवशी वॅक्सिंग-शेव्हिंग करून येऊ नका.

तर सासूबाईंचा अंगठा बघून ती म्हणाली, "काकू, हे नख जाड झालंय आणि कड आत घुसलीये, हे मी नाही कापणार, डॉक्टरांना दाखवा."

सासूबाई म्हणाल्या, "अगं आमची पार्लरवाली तर दर वेळी ब्लेडने कुरूप पण काढते."

"काकू, तुम्हाला ब्लेड लागलं तरी कळणार नाही, आणि जखम झाली तर भरायला वेळ लागेल. मी नाही करणार, रागवू नका."

मग तिने बाकीची नखं सरळ रेषेत कापून दिली, कोपरे खोल न काढता, पाणी कोमटच ठेवलं आणि आधी स्वतःचं कोपर बुडवून बघितलं, कारण डायबिटीसमध्ये पायाला चटका कळत नाही. बोटांच्या बेचक्यात टिपून टिपून कोरडं केलं, पावसाळ्यात चिखल्या होतात म्हणून. टाचांना भरपूर क्रीम, बेचक्यात नाही. सासूबाई आधी जरा नाराज होत्या, पण त्याच आठवड्यात डॉक्टरकडे गेल्या आणि डॉक्टरांनी पण ब्लेड अजिबात नको म्हणून सांगितलं. आता त्या भिशीत सगळ्यांना सांगत असतात.

आता न आवडलेलं पण लिहिते. वेळ फार लागतो, साध्या जेल पॉलिशला दीड तास धरा. पहिला मजला, लिफ्ट नाही, जिना अरुंद, सासूबाईंना त्रास झाला. एकच खुर्ची त्यामुळे मैत्रिणींनी मिळून जाता येत नाही. रंग मोजकेच, थ्रीडी फुलं, क्रोम, कॅट-आय वगैरे फार काही नाही, ते पाहिजे असेल तर निराश व्हाल. लांब एक्स्टेन्शनला तर ती नाहीच म्हणते जर तुम्ही रोज स्वयंपाक करत असाल, म्हणते लांब नख कुठेतरी अडकून उचकटतं आणि मागून सुटतं. मला वाटतं इथे ती जरा जास्तच कडक आहे, मधली लांबी करून द्यायला हरकत नाही, बाईला आरशात नाही तर हातात तरी काही छान बघायचं असतं. हळदीचं मात्र खरं आहे, फिकट रंगावर भाजी कालवली की दोन दिवसांत पिवळं.

आणि एक टेक्निकल गोष्ट, ऑटोक्लेव्ह पाऊचवरची खूण फक्त सांगते की पाऊच तापला, आतले जंतू मेलेच का ते तपासायला स्पोअर टेस्टच्या, म्हणजे सहज न मरणारे जंतू लावलेल्या, पट्ट्या मिळतात, त्या मशीनमध्ये ठेवून मग लॅबला द्यायच्या. तिने अजून एकदाही केलेली नाही. मी सांगितलं तर लगेच लिहून घेतलं. हे सुरू झालं की मी पाच स्टार देईन, आत्ता साडेचार.

दर असे : जेल पॉलिश ७००, एक्स्टेन्शन १८०० पासून, रिफिल १०००, दुसरीकडचं रिमूव्हल २५०, पेडिक्युअर ९००. स्टेशनजवळ यापेक्षा निम्म्यात होतं हे मला माहितेय. पण एका पाऊचची किंमत, एका माणसाला एक फाईल, दोन क्लायंटच्या मधे वीस मिनिटं टेबल पुसायला आणि मांडायला, हे धरून ३५० मध्ये जेल पॉलिश कसं परवडतं ते जरा मनात हिशोब करून बघा. कुठेतरी काहीतरी गाळलंच जातं, आणि बहुतेक ते ग्राहकाला न दिसणारंच असतं.

सोमवारी बंद. लग्नसराईत तीन आठवडे आधी सांगायला लागतं. ऑपरेशन असेल तर त्याच्या आधी किमान एका-दोन बोटांचं जेल काढून घ्या, ऑक्सिजन बघायचं क्लिप मशीन चुकीचा आकडा दाखवू शकतं, ताई त्याचे पैसे घेत नाही. आणि दुसरीकडून केलेलं घेऊन जात असाल तर आधी दोन्ही हातांचे फोटो पाठवा, उजेडात काढलेले, म्हणजे ती तेवढा वेळ जास्त धरून ठेवते.